समुद्रतळाचा गाळ आणि आमची काळी माती

झरीहून समुद्र गाठायचा तर पश्चिमेला सरळ रेषेत चारशे किलोमीटर, पूर्वेला सहाशेच्या आसपास. त्यामुळे आमच्याकडे समुद्र तीनच ठिकाणी भेटतो: भूगोलाच्या पुस्तकात, वादळाच्या बातमीत आणि उर्दू शायरीत. शायरीतला समंदर फार मोठ्या दिलाचा असतो. त्यात काहीही सोडा, तो पोटात घेतो, वर येऊ देत नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे या समंदराशी माझी रोजची गाठ आहे आणि वर्गात त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हीच समजूत घेऊन आपण नदीत सांडपाणी सोडतो, शेतात युरिया फेकतो आणि वर म्हणतो की शेवटी सगळं समुद्रातच तर जातं. समुद्राच्या पोटाचं पुढे काय होतं, हे कोणी विचारत नाही. आज मला त्या पोटाबद्दल, म्हणजे समुद्रतळाच्या गाळाबद्दल लिहायचं आहे. विज्ञान हा माझा शिकवण्याचा विषय नाही, पण ज्या गोष्टीची किंमत आपण सगळे मोजणार आहोत ती समजून घ्यायला कोणाच्या परवानगीची गरज नसते.

गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९६६ साली ती स्थापन झाली. तिथले शास्त्रज्ञ १९९७ पासून कांदोळीच्या किनाऱ्यासमोर, साधारण दहा किलोमीटर आत, एका ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा जातात आणि पाणी मोजून येतात. तिथली खोली पंचवीस-तीस मीटर, म्हणजे आपल्याकडच्या दोन चांगल्या विहिरी एकावर एक ठेवल्या तर होईल तेवढीच. एवढ्याशा खोलीत दरवर्षी पावसाळ्यात जे घडतं ते मला कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त गुंतवणारं वाटतं.

जून महिन्यात नैऋत्येचे वारे सुरू झाले की किनाऱ्यालगतचे प्रवाह बदलतात आणि खोल समुद्रातलं थंड पाणी उताराने वर सरकत किनाऱ्याकडे येतं. अरबी समुद्राच्या पोटात, साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत, ऑक्सिजन अगदी नाममात्र असलेला प्रचंड जाड थर आहे. जगातल्या अशा मोठ्या थरांपैकी तो एक. वर सरकणारं पाणी त्याच्या काठावरचं असतं. त्यात खतासारखे क्षार भरपूर आणि ऑक्सिजन मुळातच कमी. त्याच वेळी वरून कोकणातला धो धो पाऊस पडतो, नद्या भरून येतात आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पाच-दहा मीटरचा पातळ थर पसरतो. गोडं पाणी हलकं, खारं जड. दोन्ही सहज मिसळत नाहीत. म्हणजे भांड्यावर झाकण बसलं. खालच्या पाण्याला आता हवा मिळत नाही.

झाकणाखाली काय होतं? क्षार मिळाल्यामुळे वर सूक्ष्म वनस्पती माजतात, मरतात आणि खाली बसतात. खाली त्यांना कुजवणारे जीवाणू आहेत, आणि कुजवायला ऑक्सिजन लागतो. एक लिटर हवेत पाऊणशे-दोनशे नव्हे, तर जवळपास पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. आपल्या किनाऱ्यावरच्या कोमट समुद्राच्या एक लिटर पाण्यात, तेही वरच्या थरात, तो सहा-साडेसहा मिलिग्रॅम. तो दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे अस्वस्थ होतात, निघून जातात, आणि ज्यांना पळता येत नाही ते शिंपले-किडे तिथेच गुदमरतात. कांदोळीसमोर तळाजवळचं पाणी ऑगस्टपर्यंत त्याच्याही खूप खाली जातं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड पाण्यात सापडतो.

आता गाळाकडे वळू, कारण खरं नाट्य तिथे आहे.

समुद्रतळाचा गाळ आपण निर्जीव चिखल समजतो. प्रत्यक्षात ती एक चूल आहे. वरून पडणारं जे काही सेंद्रिय आहे ते तिथे जाळलं जातं, फक्त ज्वाळेशिवाय. आमच्याकडे घरात गॅस असतो तोवर बाई गॅसवर भाकरी करते. सिलिंडर संपला की रॉकेलचा स्टोव्ह निघतो. रॉकेल नसेल तर तुराट्या, मग पऱ्हाटी, मग गोवऱ्या, आणि काहीच नसेल तर ओलं लाकूड. स्वयंपाक तोच, पण प्रत्येक पायरीला आच कमी आणि धूर जास्त. गाळातले जीवाणू हेच करतात. (उपमा थोडी लंगडी आहे, कारण इथे बदलतं ते जळण नव्हे, जळणाला मिळणारी हवा, पण समजायला कामाची आहे.) ऑक्सिजन आहे तोवर ऑक्सिजन. तो संपला की नायट्रेट. त्यात जवळजवळ तितकीच ताकद मिळते. नायट्रेट संपलं की मँगनीज, मग लोहाचा गंज. तोही संपला की सल्फेट. सल्फेटात ताकद फारच थोडी, पण त्याचा साठा अफाट आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते जवळपास पावणेतीन ग्रॅम असतं, म्हणजे विरघळलेल्या ऑक्सिजनच्या चारशे पट. सल्फेटावर चूल पेटली की जो धूर निघतो तो हायड्रोजन सल्फाइड. आणि सल्फेटही उरलं नाही अशा खोल गाळात शेवटी मिथेन.

एरवी निरोगी समुद्रतळावर या सगळ्या पायऱ्या एकाखाली एक रचलेल्या असतात. वरचे काही मिलिमीटर तपकिरी, त्यात ऑक्सिजन, खाली करडा, त्याखाली काळा. विषारी जे काही आहे ते खालच्या थरात तयार होतं आणि वर येताना वरचे थर त्याला अडवतात, पुन्हा ऑक्सिजनशी जोडून निरुपद्रवी करतात. वरचा तपकिरी थर म्हणजे घराचं छप्पर. पाण्यातला ऑक्सिजन संपला की हे छप्पर आधी पातळ होतं, मग नाहीसं होतं, आणि खालच्या खोलीतला धूर थेट पाण्यात येतो.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला लोहाची वाटते. ऑक्सिजन असतो तेव्हा गाळातलं लोह गंजाच्या रूपात असतं, आणि हा गंज फॉस्फेटला चिकटवून धरतो. फॉस्फेट म्हणजे वनस्पतींचं खत. ऑक्सिजन गेला की गंज विरघळतो, आणि त्याने मुठीत धरलेलं फॉस्फेट सुटून पाण्यात जातं. ते पुढे वनस्पतींना मिळतं, वनस्पती आणखी माजतात, मरून खाली येतात, त्यांना जाळायला आणखी ऑक्सिजन लागतो. सावकाराच्या व्याजासारखं चक्र आहे हे: जितका अडचणीत, तितकं कर्ज जास्त. सुटलेल्या लोहातलं काही गंधकाशी जोडलं जातं. गाळाचा तो काळा रंग मुख्यतः त्याचाच. कालांतराने त्याचं पायराइट होतं, सोन्यासारखं चमकणारं खनिज.

ज्यांना हे फार परकं वाटतं त्यांनी आपल्या काळ्या मातीची आठवण करावी. सप्टेंबरमध्ये झड लागते, शेतात आठ-आठ दिवस पाणी उभं राहतं, कापूस पिवळा पडून माना टाकतो. आपण म्हणतो जमीन चिबडली. पाणी जास्त झालं हे खरं, पण मुळं मरतात ती हवा न मिळाल्याने. मातीच्या छिद्रांत हवेऐवजी पाणी बसलं, जीवाणूंनी उरलासुरला ऑक्सिजन संपवला, मग नायट्रेट उडून गेलं आणि लोह विरघळायला लागलं. अशा शेतातलं ढेकूळ फोडलं तर आत निळसर करडा रंग दिसतो आणि वास येतो. गाळ काढायला जुनी विहीर उपसली की तळाशी येतो तो वासही याच घराण्यातला. पश्चिम किनाऱ्यासमोरचा समुद्रतळ दरवर्षी काही महिने चिबडलेला असतो, एवढंच. आमच्या शेतकऱ्याला हे रसायनशास्त्र नाकाने आणि डोळ्यांनी माहीत आहे. फक्त त्याला कोणी सांगितलेलं नाही की समुद्रातही तेच चालतं.

आता वाद कुठे आहे ते सांगते. या विषयावरचा सर्वांत गाजलेला शोधनिबंध २००० साली 'नेचर'मध्ये आला. त्याचे मुख्य लेखक सय्यद वजीह अहमद नक्वी. गोव्याच्याच संस्थेतले, १९९६ चे शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराचे मानकरी, पुढे त्याच संस्थेचे संचालक. भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोर सुमारे एक लाख ऐंशी हजार चौरस किलोमीटरवर हा कमी ऑक्सिजनचा पट्टा पसरतो, असं त्यात मांडलं होतं. मराठवाड्याच्या पावणेतीन पटीहून जास्त. तिथून नायट्रस ऑक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणात हवेत जातो, हेही. कार्बन डाय-ऑक्साइडपेक्षा सुमारे दोनशे सत्तर पट ताप धरणारा हा वायू, आणि ओझोनचाही वैरी. ऑक्सिजनची ही टंचाई वाढत चालली आहे, आणि त्यात जमिनीवरून येणाऱ्या खताचा हात असावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

यावर दुसरी बाजूही आहे, आणि ती कमजोर नाही. हा पट्टा निसर्गाचाच आहे, मान्सूनइतकाच जुना आहे, असं ती म्हणते. त्याला पुरावाही आहे. १९५९ मध्येच मुंबईसमोर कमी ऑक्सिजनचा थर किनाऱ्याच्या दिशेने वर चढतो आणि त्याचा मासेमारीवर परिणाम होतो, असं टिपण 'नेचर'मध्ये छापून आलं होतं. त्याच्या लेखकांत एक गोगटेही होते. त्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बान्से यांनी कोचीसमोर हेच लिहिलं होतं, की असं पाणी तळाशी आलं की तिथे ओढलेल्या जाळ्यात फारसं काही येत नाही. तेव्हा ना हरितक्रांती झाली होती, ना गावोगाव युरिया पोचला होता.

मला या वादातली एक गोष्ट खटकते. ती शास्त्रज्ञांची नाही. आपण बाहेरून टाळ्या वाजवणाऱ्यांची आहे. निसर्गाचं आहे असं सिद्ध झालं की आपण सुटलो, माणसाचं आहे असं ठरलं की कोणीतरी दोषी सापडला, असं आपण धरून चालतो. माझ्या मते नैसर्गिक आहे म्हणूनच काळजी जास्त घ्यायला हवी. ज्या माणसाला जन्मापासून दमा आहे, त्याच्या खोलीत बसून तुम्ही विडी ओढणार का? 'त्याचा दमा माझ्या विडीने झालेला नाही' हे खरं आहे, पण ते उत्तर नव्हे. आपला पश्चिम किनारा दरवर्षी स्वतःहून काठावर जाऊन उभा राहतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वारे उलटले की मागे येतो. अशा जागी थोडासाही जादा धक्का पुरेसा असतो.

'डेड झोन' हा इंग्रजी शब्द आपल्या वर्तमानपत्रांनीही उचलला आहे आणि त्याचं 'मृत पट्टा' केलं आहे. मला तो पसंत नाही. मेलेल्याला कोणी औषध देत नाही. शिवाय ते खरंही नाही. तिथे जीवाणूंची एवढी गर्दी आणि धावपळ असते की आपल्या शनिवारच्या बाजारात नसेल. नायट्रेटवर जगणारे जीवाणू तर उपकारच करतात: पाण्यातला जादा नायट्रोजन वायू करून परत हवेत सोडतात. समुद्राची ती स्वतःची सफाई आहे. बिघडतं ते ही सफाई अर्धवट राहून नायट्रस ऑक्साइड निसटतो तेव्हा, किंवा नायट्रेटही संपून सल्फेटाची पाळी येते तेव्हा. शब्द निवडायचाच असेल तर 'गुदमरलेलं पाणी' म्हणावं. उर्दूत आम्ही 'दम घुटना' म्हणतो. गुदमरलेला माणूस वाचवता येतो.

पण वेळ निघून गेल्यावर काय होतं, त्याचं उदाहरण युरोपात आहे. स्वीडन-फिनलंडच्या मधल्या बाल्टिक समुद्राला तिथल्या शेतांनी आणि शहरांनी विसाव्या शतकात भरपूर खत पाजलं. ती श्रीमंत राष्ट्रं आहेत. त्यांनी एकत्र बसून नद्यांतून येणारं फॉस्फरस बरंच कमी केलं. तरी समुद्र सुधारायचं नाव घेईना. कारण तळाच्या गाळात जे साठलं होतं ते, ऑक्सिजन नसल्यामुळे, गाळ स्वतःच पुन्हा वर सोडत राहिला. नळ बंद केला तरी भरलेली टाकी गळतच आहे. कांदोळीच्या गाळाचं छप्पर दरवर्षी उडतं आणि दरवर्षी परत बसतं. बाल्टिकच्या खोल भागात ते परत बसत नाही. आपल्याकडे अजून बसतंय, एवढी आपली श्रीमंती.

इथे आमच्या गावचा माणूस म्हणेल, आणि वर्गात पोरांनी हे म्हटलंच होतं: "आपा, अपना पानी तो उधर जाता ही नहीं." बरोबर आहे. परभणीचं पाणी अरबी समुद्रात जात नाही. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा तालुक्यात पूर्णा गोदावरीला मिळते आणि गोदावरी नांदेडवरून तेलंगण, आंध्र करत बंगालच्या उपसागरात उतरते. त्र्यंबकेश्वरपासून मोजली तर १,४६५ किलोमीटरची नदी. कोकणाचा प्रश्न आमचा नाही असं म्हणायला ही सोयीची जागा आहे. पण पूर्वेकडची गोष्ट ऐकल्यावर सोय संपते.

बंगालच्या उपसागरातही ऑक्सिजन अगदी कमी असलेला थर आहे. मात्र तो अरबी समुद्रासारखा शून्यापर्यंत पोचत नाही. किंचित, जवळजवळ मोजता न येण्याइतका ऑक्सिजन उरतो आणि तेवढ्यानेच पुढची सगळी गडबड थांबून राहिली आहे. २०१७ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे मोजून दाखवलं आहे, आणि त्याच्या लेखकांतही नक्वी आहेत. नायट्रेट जाळणारे जीवाणू तिथे हजर आहेत, तयारीत आहेत, फक्त तो शेवटचा थेंब ऑक्सिजन त्यांना आडवा येतो. वरून आणखी खत आलं, आणखी कुजलं, की तो थेंबही जाईल. म्हणजे पश्चिमेचा समुद्र दमेकरी आहे आणि पूर्वेचा उंबरठ्यावर उभा आहे. आणि आमची नदी पूर्वेला जाते.

त्यात एक गंमत आहे, आणि ती दुःखाची आहे. उपसागर अजून का टिकला, याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की नद्यांनी आणलेली बारीक माती मेलेल्या सूक्ष्म वनस्पतींना चिकटून त्यांना जड करते आणि त्या वाटेत न कुजता लवकर तळाशी जातात. मधल्या पाण्यातला ऑक्सिजन वाचतो. म्हणजे आमची काळी माती तिकडे पहारा देते! पण धरणांमुळे गोदावरीतून समुद्रापर्यंत पोचणारा गाळ गेल्या काही दशकांत खूप घटला आहे. माती धरणात अडकते. विरघळलेलं नायट्रेट मात्र पाण्याबरोबर सांडव्यावरून पुढे निघून जातं. पहारेकरी आम्ही अडवला आणि चोराला वाट दिली.

युरियाबद्दल बोलायला लागलं की आमच्याकडे लोक चिडतात. चिडण्याचं कारणही आहे. शेतकऱ्याला उपदेश करणारे सगळे महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारे असतात, माझ्यासकट. तरी हिशेब मांडू. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे वीस किलोहून थोडा जास्त. गोणीची किंमत २६६ रुपयांच्या आसपास. शेजारी डीएपीची गोणी तेराशे पन्नासची. सरकारने २०१० पासून स्फुरद-पालाशच्या खतांचं अनुदान वेगळ्या पद्धतीने बांधलं आणि युरियाचा भाव मात्र हातात धरून ठेवला. मग शेतकरी कुठली गोणी उचलेल? पीक हिरवंगार दिसतं, शेजारी विचारतो "काय टाकलंस?", आणि पुढच्या वर्षी तोही दोन गोण्या आणतो. यात शेतकऱ्याची बेअक्कल नाही, भावाची अक्कल आहे. टाकलेल्या नायट्रोजनपैकी पिकाला निम्म्याहून कमीच मिळतो. बाकीचा हवेत, जमिनीत, पाण्यात.

सोयाबीनची गोष्ट तर आणखी विचित्र. सोयाबीन हे शेंगवर्गीय पीक. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जीवाणू हवेतला नायट्रोजन फुकट पकडून देतात. पेरणीच्या वेळी थोडासा दिला की पुरे. तरीही आमच्या भागात उभ्या सोयाबीनमध्ये युरिया फेकलेला दरवर्षी दिसतो. असं खत मिळालं की गाठी आळशी होतात. परभणीत आमच्या डोळ्यांसमोर १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, जिवाणू संवर्धकाची पाकिटं मिळतात, बियाण्याला चोळायला दहा मिनिटं लागतात. समुद्र बाजूला ठेवा, खिशासाठी तरी हे परवडतं. पण जोवर युरिया मातीच्या मोलाने मिळतो तोवर पाकीट कोण चोळणार? म्हणून माझं बोट शेतकऱ्याकडे नाही, दिल्लीतल्या त्या भावपत्रकाकडे आहे. युरिया एकदम महाग करा असं मी म्हणत नाही. तसं केलं तर पहिला मार कोरडवाहू दोन एकरवाल्याला बसेल. अनुदानाचा पैसा तेवढाच ठेवून तो गोणीऐवजी माणसाला द्या, आणि त्याला ठरवू द्या.

शहरांना मात्र मी अशी सूट देणार नाही. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं मुंब्रा, भिवंडी, गोवंडीत पोटासाठी गेली आहेत. त्यांच्याकडे जाताना ओहोटीच्या वेळी खाडीवरचा पूल ओलांडला की जो काळा चिखल दिसतो आणि जो वास डब्यात शिरतो, तो सल्फेटाच्या चुलीचा धूर. खाडीच्या चिखलात असा वास थोडाफार असतोच, पण तो एवढा उग्र करायला मान्सून लागलेला नाही. तिथे नालेच पुरेसे आहेत. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर यादीत जागा मिळाली, फ्लेमिंगोंचे फोटो सगळीकडे फिरले. पक्षी येतात याचा अर्थ पाणी चांगलं आहे असा लोक घेतात. फ्लेमिंगो जे शेवाळ खातो त्याला सांडपाण्याचं खत चालतं. सौंदर्य आणि आरोग्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहराकडे पैसा आहे, इंजिनियर आहेत, महापालिका आहे; आपलं पाणी धुऊन सोडणं एवढंच मागणं आहे.

राहिला मच्छीमार. महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माशांच्या विणीसाठी. एक ऑगस्टला बोटी निघतात. आणि तळाचं पाणी गुदमरतं ते नेमकं ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. तळाचे मासे, कोळंबी त्या पाण्यातून पळून उथळ पट्ट्यात, किनाऱ्याकडे दाटीवाटीने गोळा होतात. तिथे ट्रॉलर पोचला की जाळं भरतं, आणि सगळ्यांना वाटतं यंदा समुद्राने भरभरून दिलं. ते देणं नसतं, आग लागलेल्या घरातून बाहेर पडलेल्यांची गर्दी असते. शिवाय ट्रॉलरचं जड जाळं तळ खरवडतं. खालचा काळा गाळ ढवळला गेला की त्यातलं सल्फाइड आणि लोह वर येऊन पाण्यातला उरलेला ऑक्सिजन खातं. पूर्वी कोळी समाज नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय होड्या लोटत नसे, आणि बंदी पुढे न्यावी ही पारंपरिक मच्छीमारांची मागणी जुनी आहे. मला ती बरोबर वाटते. त्यापुढे जाऊन मी म्हणेन की तळ खरवडणाऱ्या जाळ्यांपुरती तरी तारीख कॅलेंडरऐवजी ऑक्सिजनच्या मोजणीवर ठरावी. ट्रॉलरवाल्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, खलाशांचा पगार आहे, डिझेलचे भाव आहेत, त्यांना प्रत्येक दिवस मोलाचा आहे, हे मान्य. मग त्या दिवसांची भरपाई सरकारने द्यावी. दुष्काळात आम्हाला अनुदान मिळतं. समुद्रातला दुष्काळ दुष्काळ का नाही?

हे करायचं तर मोजणी हवी, आणि इथे मी पुन्हा कांदोळीकडे येते. वर्षानुवर्षं एकाच जागी जाऊन तेच मोजत बसणं हे काम कोणाला भव्य वाटत नाही. त्याचं उद्घाटन होत नाही. पण गाळ आणि पाणी यांचा बदल एका वर्षात दिसत नाही. एक वर्ष वाईट गेलं तर तो पावसाचा फरक असतो. नैसर्गिक किती आणि आपलं किती, हा वाद मिटायचा तर याच वह्यांतून मिटेल. अशी एक जागा गोव्यासमोर आहे. तेवढीच काळजीने राखलेली रत्नागिरीसमोर, मुंबईसमोर आणि तिकडे गोदावरीच्या मुखासमोर हवी. त्यासाठी लागणारा पैसा एखाद्या उड्डाणपुलाच्या दोन खांबांइतकाही नसेल.

आणि या वह्या आपल्या भाषेत यायला हव्यात. नक्वींचं नाव आमच्या उर्दू वर्गातल्या पोरांनी ऐकलं तेव्हा त्यांचे कान टवकारले, कारण नाव ओळखीचं होतं. पण त्यांनी काय शोधलं ते वाचायचं म्हटलं तर इंग्रजीशिवाय वाट नाही. उर्दूत नाही, मराठीत नावापुरतं. मालवणच्या ज्या माणसाच्या जाळ्यात सप्टेंबरमध्ये काही येत नाही, त्याच्यासाठीही नाही. कृषी विद्यापीठाचा पावसाचा सल्ला मोबाइलवर मराठीत येतो: अमुक दिवशी फवारणी टाळा, तमुक दिवशी पाणी काढून द्या. तसाच समुद्रतळाच्या ऑक्सिजनचा साप्ताहिक आकडा किनाऱ्यावरच्या बंदरांत मराठीत, कोकणीत फळ्यावर लिहायला हरकत कोणाची आहे? तोवर मी माझ्या परीने वर्गात एवढं करते: जुलैमध्ये शाळेमागच्या डबक्यातला चिखल एका काचेच्या बरणीत भरते, वर पाणी घालते, झाकण घट्ट लावून खिडकीत ठेवते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बरणीत तपकिरी, करडा, काळा असे थर बसतात. झाकण उघडायची पाळी कोणाची यावर पोरांची भांडणं होतात, आणि उघडल्यावर सगळी एकदम दाराकडे पळतात.